मल्लविद्येचे शिक्षण व आत्मसंरक्षण : पनवेल परिसरातील एका उदाहरणावरून

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने दक्षिणेकडे जाऊ लागले म्हणजे कर्नाळ्याचा सुळका दृष्टीस पडण्याच्या सुमारास शिरढोण हे गाव लागते. वासुदेव बळवंत फडके ह्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी ह्याच गावी झाला. त्यांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये तो किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. पुढे वासुदेव बळवंत नोकरीनिमित्त पुण्यास गेले व लष्करी हिशेबाच्या खात्यात कारकून म्हणून काम करू लागले. कचेरीतील लेखणीकाम सांभाळून तालमीत जाणे हा त्यांचा नेम होता. पुण्याच्या गंज पेठेतील लहुजी वस्ताद साळवे ह्यांच्याकडे त्यांनी मर्दानी विद्येचे शिक्षण घेतल्याचे चरित्रकार सांगतात. ह्याच लहुजींच्या तालमीत जोतीराव फुले ह्यांनीही काही काळ शिक्षण घेतले होते.

वासुदेव बळवंतांच्या राजकीय कार्याची चर्चा इतिहासलेखकांनी विस्ताराने केली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून मर्यादित आहे. एखादा कारकून, विद्यार्थी किंवा गृहस्थ तालमीत जातो तेव्हा तो नेमके काय शिकतो, व जे शिकतो त्याचा स्वतःच्या रक्षणास कितपत उपयोग होतो, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. आज पनवेल व नवी मुंबईच्या परिसरात कुस्ती, ज्यूदो व जुजुत्सू ह्यांचे शिक्षण देणाऱ्या शाळांकडे तरुणांचा ओढा आहे, आणि आत्मसंरक्षण हे त्या शिक्षणाचे एक प्रमुख प्रयोजन म्हणून सांगितले जाते. त्यामुळे हा प्रश्न केवळ ऐतिहासिक जिज्ञासेचा राहिलेला नाही.

तालीम : शब्द व संस्था

ह्या विद्येची मराठी परिभाषा पाहिली असता तिच्यात दोन प्रवाह एकत्र आलेले दिसतात. 'तालीम' हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. 'वस्ताद' व 'पहिलवान' हे शब्द फारसीतून आले. उलटपक्षी 'मल्ल' हा संस्कृत शब्द आहे, आणि 'आखाडा' ह्याचे मूळ 'अक्षवाट' ह्या संस्कृत शब्दात सांगतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार, व्यायाम व डावपेच ह्यांचे वर्णन येते. तेव्हा राजाश्रयाने मल्ल पोसण्याची व त्यांना पद्धतशीर शिक्षण देण्याची परंपरा दक्षिणेत किमान नऊशे वर्षांची आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

तालमीचे केंद्र म्हणजे हौदा. त्यातील तांबडी माती चाळून तीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस इत्यादी द्रव्ये मिसळतात. ही माती लढतीपूर्वी खणून भुसभुशीत करावी लागते व हे खणणे हाच पहिला व्यायाम ठरतो. मातीचे कार्य दुहेरी आहे. ती पडणाऱ्याचा आघात सोसते, आणि घामाने निसरड्या झालेल्या अंगावर चोळली असता पकड बसू देते. जोर, बैठका व जोडी फिरविणे ह्यांनी बळ व दम वाढतो. मल्लखांब हा तर नावाप्रमाणे मल्लाचा निर्जीव प्रतिपक्षी होय. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर ह्यांनी त्याला शास्त्रशुद्ध स्वरूप दिले असे मानले जाते. खांबाला हातापायांनी वेढा घालून अंग तोलण्याच्या अभ्यासाने जी पकड तयार होते, तीच पुढे माणसाशी झोंबताना उपयोगी पडते.

तथापि ही सर्व पूर्वतयारी होय. तालमीचे खरे शिक्षण सरावाच्या लढतीत होते. दोघे समोरासमोर उभे राहून प्रथम खडाखडी करतात, म्हणजे हात व मान ह्यांवर ताबा मिळविण्याची खटपट करतात. संधी सापडताच एकजण पट काढतो किंवा टांग मारतो, दुसरा त्याची तोड करतो. आणि हौद्याच्या काठावर उभा असलेला वस्ताद तेवढ्यात चूक दाखवितो. एक जोड दमली की दुसरी उतरते. हे दररोज, वर्षानुवर्षे चालते.

डाव म्हणजे काय

बाहेरच्या माणसास कुस्ती ही बळाची परीक्षा वाटते. बळाला तीत स्थान आहेच. पण डाव ह्या कल्पनेचे मर्म निराळे आहे. उभ्या माणसाचा तोल त्याच्या दोन पायांनी व्यापलेल्या जागेवर अवलंबून असतो. शरीराचा गुरुत्वमध्य त्या जागेबाहेर गेला की केवढाही बलवान मनुष्य पडू लागतो. एकेरी पटात प्रतिपक्ष्याचा एक पाय उचलून ही जागा एका तळव्याएवढी केली जाते. धोबीपछाडीत प्रतिपक्ष्याचा हात खेचून, त्याच्याकडे पाठ वळवून व आपली कंबर त्याच्या कमरेखाली नेऊन त्यास खांद्यावरून पुढे टाकतात. येथे उचलण्याचे श्रम थोडे असतात, कारण तो स्वतःच पुढे झुकलेला असतो. प्रत्येक डावाचे तीन घटक सांगता येतील : तोल मोडणे, योग्य जागी आपले अंग घालणे, आणि ढकलणे किंवा ओढणे. ह्यांपैकी पहिला घटक साधला नाही तर उरलेले दोन केवळ अंगमेहनत ठरतात.

परंपरेत कुस्तीचे चार प्रकार सांगितले आहेत : भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती व जरासंधी. भीमसेनीत बळाला, तर हनुमंतीत डावपेचांच्या कौशल्याला प्राधान्य असते. जांबुवंतीत प्रतिपक्ष्याचे अवयव पकडीत आवळून त्यास निरुपाय करतात व शरण येण्यास भाग पाडतात. जरासंधीत अवयव मोडण्यापर्यंत मजल जाते. ही नावे पौराणिक असली तरी त्यांच्यामागील विभागणी व्यवहार्य आहे. प्रतिपक्ष्यास पाडणे, अडकवून ठेवणे व इजा करणे ह्या तीन वेगवेगळ्या गोष्टी असून त्यांत चढती भाजणी आहे, हे ती स्पष्ट करते. आजच्या हौद्यात पहिल्या दोन प्रकारांची कुस्ती चालते. उरलेले दोन जवळजवळ लुप्त झाले आहेत. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार ह्यांच्या संपादकत्वाखाली १९३६ ते १९४९ ह्या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झालेला व्यायामज्ञानकोश हा ह्या विषयावरील मराठीतील सर्वांत मोठा ग्रंथोद्योग होय. त्यातील चित्रे व वर्णने ह्यांवरून तालमीतील पूर्वीच्या विस्तृत अभ्यासक्रमाची कल्पना येऊ शकते.

कानो ह्यांची सुधारणा

मल्लविद्येच्या शिक्षणपद्धतीचा विचार करताना जपानमधील एका घटनेकडे लक्ष देणे अवश्य आहे. कानो जिगोरो ह्या तरुण पदवीधराने १८८२ साली टोकियोतील एका मंदिराच्या जागेत कोदोकान ही शाळा स्थापिली. तत्पूर्वी त्याने जुन्या जुजुत्सूच्या दोन संप्रदायांचे शिक्षण घेतले होते. त्या संप्रदायांत आघात करण्याचे व सांधे मोडण्याचे अनेक प्रकार होते. ते जोडीदारावर प्रत्यक्ष वापरणे शक्य नसल्याने बहुतांशी ठरीव हालचालींनी शिकविले जात. कानो ह्यांनी घातक प्रकार ठरीव अभ्यासापुरते ठेवले, आणि उरलेल्या प्रकारांची दोघांनी पूर्ण जोराने मुक्त लढत करावी असा नियम घालून दिला. ह्या मुक्त सरावास जपानीत 'रांदोरी' म्हणतात. ज्यूदोचा विस्तार ह्याच पायावर झाला, आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेश करण्यात आला.

कानो ह्यांची युक्ती वरवर विरोधाभासाची वाटते. घातक डाव सोडून दिल्याने शिष्य अधिक समर्थ व्हावा हे कसे? ह्याचे उत्तर शिक्षणशास्त्राचे आहे. जो डाव विरोध न करणाऱ्या जोडीदारावरच घोटला जातो, तो विरोध करणाऱ्यावर चालेल की नाही ह्याचा पडताळा कधीच येत नाही. उलट जो डाव हरू न इच्छिणाऱ्या माणसावर दररोज टाकून पाहिला जातो, त्यातील खोटा भाग आपोआप गळून पडतो. मुष्टियुद्धासारख्या विद्येत पूर्ण जोराचा सराव दररोज केला तर मेंदूस इजा होण्याचे भय असते. झोंबीच्या विद्येत मात्र पाडणे, दाबणे व आवळणे ही कृत्ये पूर्ण विरोधातही बव्हंशी निर्धोकपणे करता येतात. किंबहुना झोंबीच्या विद्येचे आत्मसंरक्षणातील श्रेष्ठत्व तिच्या डावांच्या संख्येत किंवा क्रूरतेत नसून ह्या नित्य पडताळ्यात आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जे तत्त्व कानो ह्यांना विचारपूर्वक प्रस्थापित करावे लागले ते मराठी तालमीत आधीपासूनच रूढ होते. सरावाची लढत हा तालमीचा प्राण होता. लहुजींच्या हौद्यात उतरणाऱ्या शिष्यास कोणी प्रमाणपत्र देत नसे; समोरच्या जोडीदाराचा विरोध हीच त्याची रोजची परीक्षा असे.

नियम आणि सवयी

असे असले तरी पडताळा नेहमी कोणत्यातरी नियमांच्या चौकटीत होतो, आणि चौकट बदलली की सवयीही बदलतात. मातीच्या कुस्तीत प्रतिपक्ष्याची पाठ जमिनीस लावून त्याला चितपट करणे हे एकमेव साध्य असते. त्यामुळे मल्लाच्या अंगी एक उत्तम सवय बाणते : पडावयाचे नाही, आणि पडलोच तर वर राहावयाचे. पण तिच्याच जोडीने दुसरी सवयही लागते. चीत होणे टाळण्यासाठी खाली सापडलेला मल्ल पालथा होतो व मातीला घट्ट धरून बसतो. कुस्तीत मान आवळून बेशुद्ध करण्यास मुभा नसल्याने ह्या स्थितीत त्यास फारसे भय नसते. ज्यूदो व जुजुत्सूत मात्र पाठ देणे ही सर्वांत वाईट स्थिती गणली जाते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिणी मागून दाबल्या गेल्यास सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपते. म्हणूनच तेथे हाताची थाप मारून हार पत्करण्याची खूण व ती मिळताच पकड सोडण्याची शिस्त ह्यांना अतोनात महत्त्व आहे.

जपानहून निघालेला माएदा मित्सुयो हा ज्यूदोचा जाणकार १९१४ साली ब्राझीलमध्ये पोहोचला. त्याच्याकडून ही विद्या ग्रेसी कुटुंबात आली व तिने ब्राझीलियन जुजुत्सूचे रूप घेतले. ह्या पद्धतीत पाठीवर पडणे म्हणजे पराभव नव्हे. तेथूनही पायांनी प्रतिपक्ष्यास वेढून त्याचा हात किंवा मान पकडता येते. दुर्बलाच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे, कारण हल्ल्यात खाली पडण्याचा संभव त्यालाच अधिक असतो. १९९३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे निरनिराळ्या युद्धविद्यांच्या जाणकारांची एकत्र स्पर्धा झाली, तीत ह्याच कुटुंबातील रॉइस ग्रेसी विजयी झाला. त्यानंतर ही पद्धती जगभर पसरली, आणि भारतातील महानगरांतही तिच्या शाळा निघाल्या. परंतु तिचीही उणीव उघड आहे. गादीवर पाठ टेकून लढण्याची सवय फरसबंदीवर घातक ठरते, आणि हल्लेखोर दोन असतील तर जमिनीवर गुंतून पडणे हे संकटच होय.

नियमांचा हा परिणाम महाराष्ट्राने एका थोर मल्लाच्या चरित्रात पाहिला आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर येथील खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीवर घडलेल्या मल्लास तेथे गादी, वेळेची मर्यादा व गुणांची पद्धती ह्यांना तोंड द्यावे लागले. पुढील चार वर्षांत त्यांनी गादीवरील कुस्ती आत्मसात केली व १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. मातीत मिळविलेले कौशल्य वाया गेले नाही. पण नवीन चौकटीत त्याची पुनर्रचना करावी लागली. आत्मसंरक्षण ही अशीच आणखी एक चौकट आहे, आणि तिच्यात पंच नसतो.

आत्मसंरक्षणाची मर्यादा

रस्त्यावरील हल्ला तीन बाबतींत लढतीहून भिन्न असतो. तो अनपेक्षित असतो, त्यात शस्त्र असू शकते, आणि हल्लेखोरांची संख्या ठरलेली नसते. ह्यांपैकी पहिला भेद सर्वांत निर्णायक आहे. वासुदेव बळवंतांचे उदाहरण येथे पुन्हा उपयोगी पडते. १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी घातली. पुढच्याच वर्षी त्यांनी रामोशी साथीदारांसह बंड उभारले. जुलै १८७९ मध्ये विजापूरकडील देवर नावदगी येथे मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना पकडले, तेव्हा ते ताप व श्रम ह्यांनी थकून झोपी गेलेले होते. पुढे एडनच्या तुरुंगातून कोठडीचे दार उखडून पळून जाण्याइतके बळ त्यांच्या अंगी होते; परंतु लवकरच त्यांना पुन्हा पकडण्यात आले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. तालमीने घडविलेले शरीर निद्रिताचे रक्षण करू शकत नाही, आणि एकट्याचे बळ राज्यसत्तेस पुरे पडत नाही. ज्या शिक्षणात सावधपणा, वाट काढून निघून जाणे व मदतीस हाक मारणे ह्यांना स्थान नाही, ते कितीही कठोर असले तरी आत्मसंरक्षणाचे पूर्ण शिक्षण नव्हे.

दुसऱ्या बाजूने कायद्याच्या दृष्टीने पाहता झोंबीच्या विद्येस एक विशेष योग्यता आहे. खाजगी संरक्षणाचा हक्क भारतीय दंडसंहितेच्या ९६ ते १०६ ह्या कलमांत सांगितला होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो ३४ ते ४४ ह्या कलमांत आला आहे. रक्षणासाठी जेवढी इजा करणे आवश्यक तिच्याहून अधिक इजा करण्याचा अधिकार कोणासही नाही, हे तत्त्व दोन्ही संहितांत कायम आहे. ठोसा किंवा सुरा ह्यांचा परिणाम वापरणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही; तो हातून सुटला की सुटला. पकडीचे तसे नाही. ती सैल करता येते, घट्ट करता येते, समोरच्याने विरोध सोडताच थांबविता येते. दारूच्या नशेतील नातेवाइकास आवरणे आणि जिवावर उठलेल्या हल्लेखोरास रोखणे ह्या दोन प्रसंगी एकाच विद्येचा वेगवेगळ्या मात्रेत उपयोग करता येतो. चार प्रकारांच्या जुन्या विभागणीतील चढती भाजणी येथे कायद्याच्या भाषेशी जुळते.

हौद्यात कोणास प्रवेश

शिक्षणपद्धतीच्या चर्चेत शिष्य कोण हा प्रश्न टाळता येत नाही. लहुजी साळवे हे मातंग समाजातील होते. त्यांच्या वडिलांनी, राघोजींनी, १८१७ च्या खडकीच्या लढाईत देह ठेवला. ज्या काळी पुण्यात अस्पृश्य मानलेल्या माणसाची सावलीही वर्ज्य समजत, त्या काळी माळी जोतीराव व ब्राह्मण वासुदेव बळवंत हे त्यांचे शिष्यत्व पत्करतात, ही गोष्ट सामान्य नव्हे. झोंबी ही स्पर्शाची विद्या आहे. ती दुरून शिकता येत नाही. अंगाला अंग भिडल्यावाचून तिचे पहिले अक्षरही उमटत नाही. ह्या अर्थाने तिची शिक्षणपद्धतीच अस्पृश्यतेच्या विरुद्ध जाणारी आहे. तरीपण सर्वच तालमींनी हा अर्थ ओळखला असे नाही; वस्ती व जात ह्यांनुसार तालमी वेगळ्या राहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लविद्येस उदार आश्रय दिला व १९१२ साली खासबाग मैदान उभे केले, तेव्हा ह्या विद्येस व्यापक लोकाश्रय प्राप्त झाला.

स्त्रियांना मात्र हौद्याचे दार फार काळ बंदच राहिले. आत्मसंरक्षणाची निकड ज्यांना अधिक, त्यांनाच ह्या विद्येपासून दूर ठेवले गेले. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून स्त्रियांच्या कुस्तीचा समावेश झाला, २०१६ साली साक्षी मलिक ह्यांनी रिओ येथे कांस्यपदक मिळविले, आणि २०२३ साली सांगली येथे स्त्रियांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. स्त्रीशिक्षणार्थींच्या दृष्टीने खालून सुटका करून घेण्याच्या डावांचे महत्त्व विशेष आहे. आणि नेमका हाच भाग मातीच्या कुस्तीत दुर्बल व जुजुत्सूत समृद्ध आहे. तेव्हा दोन्ही पद्धतींचा मेळ घालणे हे अनुकरण नसून गरज आहे.

उपसंहार

वरील विवेचनावरून आत्मसंरक्षण शिकविणाऱ्या कोणत्याही संस्थेचे परीक्षण करण्यास तीन कसोट्या हाती येतात. विरोध करणाऱ्या जोडीदाराशी नियमित सराव तेथे होतो काय? आपल्या नियमांत काय सुटते हे शिक्षक शिष्यास मोकळेपणी सांगतो काय? ज्यास गरज आहे त्यास प्रवेश मिळतो काय? पहिल्या कसोटीवर जुनी तालीम निःसंशय उतरते, दुसरीवर अंशतः, आणि तिसरीवर लहुजींसारख्या थोड्याच वस्तादांची.

ह्या विषयाच्या अभ्यासकांपुढे एक तातडीचे कार्यही आहे. डावांची नावे, त्यांच्या तोडी व वस्तादांच्या सूचना हे ज्ञान मुख्यतः मौखिक आहे, आणि एकाच डावास प्रदेशपरत्वे निरनिराळी नावे आहेत. कोल्हापूर व पुणे येथील परिभाषा बऱ्याच अंशी ग्रंथांत आली. रायगड जिल्ह्यातील व एकंदर कोकणातील गावतालमींची परिभाषा त्या मानाने उपेक्षित राहिली. हौद्यांच्या जागी गाद्या येत आहेत, व त्याबरोबर डावांना इंग्रजी व जपानी नावे रूढ होत आहेत. जुन्या वस्तादांशी प्रत्यक्ष बोलून, त्यांच्याकडून डाव करवून घेऊन त्यांची नोंद करणे अद्याप शक्य आहे. पनवेलसारख्या ठिकाणी, जेथे गावठाणातील हौदा व नवीन वसाहतीतील गादी ह्यांत फारसे अंतर नाही, अशा संशोधनास प्रारंभ करणे सोयीचे होईल.